घर चाकांवर, चूल मात्र घरीच!

मुंबईची बाई कोकणात जाते ती वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात. पण खरं सांगा, ती प्रवासाला जाते का? ती कामाला जाते! गणपतीत मोदकांची उकड काढायची, मे महिन्यात आंब्याची साठं घालायची, आणि दोन्ही वेळा दहा-वीस माणसांची पानं वाढायची. गिरगावातली असो, दादरची असो की लालबाग-परळची, गावाहून परतताना तिच्या पिशवीत आमसुलं असतात, कुळथाचं पीठ असतं आणि कंबर तेवढी धरलेली असते. समुद्र किती वेळा पाहिलास, असं तिला विचारा. गाडीतून दिसला तेवढा!

म्हणून आज एक निराळाच प्रवास तुम्हाला सुचवायचा आहे. कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं, गर्दीचा हंगाम टाळून, चाकांवरच्या घरातून.

हे चाकांवरचं घर म्हणजे काय ते आधी पाहू. युरोपात अशा गाड्या पुष्कळ. इटलीच्या किनाऱ्यावर उन्हाळा ओसरला, छत्र्या-खुर्च्या गोळा झाल्या, की ऑक्टोबरनंतर निवृत्त नवरा-बायकोच्या जोड्या आपापली मोटारघरं काढून निघतात. झोपायचं गाडीत, चहा गाडीत, आंघोळही गाडीत. तिथला एक कायदा मला फार आवडला. गाडी नुसती चाकांवर उभी असेल तर ते पार्किंग. तुम्ही बाहेर खुर्च्या मांडल्यात, छत ताणलंत, की तो मुक्काम झाला, त्याला वेगळे नियम. किती सोपं! आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ‘कॅराव्हॅन’ हा शब्द आपल्याही कानावर पडू लागला. चालकासह भाड्यानं अशा गाड्या मिळतात. आत दोन किंवा चार माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रीज, न्हाणीघर-संडास.

“एवढ्याशा गाडीत राहायचं कसं?” हा प्रश्न मात्र तुम्ही विचारू नका, बाई. तो ज्यांच्या घरात चार-चार बेडरूम आहेत त्यांनी विचारावा. वीस फूट लांब आणि सात फूट रुंद गाडी धरली तर आतली जागा, ड्रायव्हरची बैठक धरून, १४० चौरस फूट झाली. आणि नायगाव-डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली किती? १६० चौरस फूट! त्यात सहा-सहा, आठ-आठ माणसांचे संसार झाले, मुली न्हात्याधुत्या झाल्या, बाळंतपणं झाली, पाव्हणेरावळेही राहून गेले. गाडीतल्या संसाराची सगळी कला आपल्या चाळीतल्या बायकांना केव्हाचीच अवगत आहे. अंथरुणाची वळकटी करून सकाळी जागा मोकळी करणं, खाटेखाली ट्रंक, ट्रंकेत ट्रंक, एकाच फळीवर डबे उंचीप्रमाणे लावणं, आणि एक माणूस मोरीत असताना बाकीच्यांनी गॅलरीत उभं राहणं. साहेबाच्या देशात याची पुस्तकं लिहितात!

पाण्याचंही तसंच. अशा गाडीची टाकी साधारण १०० लिटरची असते. शॉवर सोडून उभं राहणाऱ्याला ती एका दिवसात संपते. पण पहाटे चारला नळाला पाणी येणाऱ्या घरात वाढलेली बाई एका बादलीत आंघोळ करते आणि त्याच पाण्यात पायपुसणंही भिजवते. दोघांना ती टाकी दोन दिवस सहज पुरावी. मोटारीतली भांडीकुंडी खडखडू नयेत म्हणून मध्ये जुन्या ओढणीच्या घड्या घाला, बरण्या काचेच्या नकोत, आणि प्रत्येक कपाटाची कडी गाडी सुटण्यापूर्वी लावा. नाहीतर पहिल्याच वळणावर साखर तुमच्या मांडीवर.

आता मूळ मुद्द्यावर येते, तो म्हणजे त्या गाडीतला ओटा.

परळच्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी ही कॅराव्हॅनची हौस तिच्या यजमानांना सुटली. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, मुलगा कामाला लागलेला, मुलगी सासरी. एवढ्या वर्षांत दोघंच असे कुठे गेले नव्हते. कधी सासूबाई बरोबर, कधी दिरांची मुलं, कधी नुसतंच गाव. यजमान हिशेब मांडून बसले. “अगं, गाडीतच गॅस आहे, फ्रीज आहे. हॉटेलचा खर्चच नाही. सकाळी डबा करून घेतलास की दिवसभर मोकळे!” ती शांतपणे म्हणाली, “अहो, मग मी कशाला येऊ? ओटा इथंही आहेच की.”

हसू नका. त्या एका वाक्यात सगळं आलं. पैसे वाचतात म्हणजे कोणाच्या हातांनी वाचतात? सहलीला जाताना चूल बरोबर न्यायची, तिखट-मीठ, तेल, पोळपाट-लाटणं न्यायचं, आणि समुद्राकडे पाठ करून पोळ्या लाटायच्या, याला सहल म्हणत नाहीत, बिऱ्हाड हलवणं म्हणतात. बाईनं घर सोडलं तरी घरानं बाईला सोडलं नाही, अशातली गत. म्हणून माझं म्हणणं असं, की चाकांवरचं घर जरूर घ्या, पण चूल घरीच ठेवा. फार तर चहा. आणि तोही कोणी करायचा ते आधी ठरवा.

मैत्रिणीनं तेच ठरवून घेतलं. सकाळचा चहा यजमानांचा, दोन्ही जेवणं वाटेवरच्या घरगुती खानावळीत. पहिल्या दिवशीचा चहा म्हणजे कोमट दुधात भिजलेली पावडर होती, असं ती सांगते. चौथ्या दिवशी मात्र आलं किसावं की ठेचावं यावर त्यांचं स्वतःचं मत तयार झालं होतं! घरी आल्यावरही ते मत टिकून आहे, आणि त्याबरोबर सकाळचा चहाही.

गॅस न नेण्याला दुसरंही कारण आहे, सुरक्षिततेचं. बंद गाडीत, छोट्या जागेत, वाऱ्याची वाट नसताना शेगडी पेटवणं घातक. चहापुरती वापरायची झाली तर खिडकी उघडी हवी, गाडी उभी हवी, आणि झोपण्यापूर्वी व गाडी सुरू करण्यापूर्वी सिलिंडरची कळ बंद हवी. घरचा मोठा लाल सिलिंडर उचलून गाडीत टाकण्याचा विचारही नको.

मग जेवायचं कुठे? कोकणात हा प्रश्न पडावा? किनाऱ्यावरच्या गावागावांत बायका घरी जेवण करून देतात. मे महिन्यात त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. बाकीच्या दिवसांत खोल्या रिकाम्या आणि पातेली पालथी. त्या दिवसांत तुम्ही गेलात तर ती बाई तुमच्याशी दोन शब्द बोलेल, वाटपात काय घातलं ते सांगेल, आणि तुमचे पैसे थेट तिच्या हातात पडतील. एकच पथ्य पाळा. दुपारी दोनला दारात उभं राहून “मासे आहेत का?” असं विचारू नका. आदल्या संध्याकाळी फोन करा, माणसं किती ते सांगा, शाकाहारी कोण, उपास कोणाचा ते सांगा. ती सकाळी बंदरावर जाऊन तेवढंच आणते. आणि भावावरून घासाघीस नको. गिरणगावात आपल्या आया-आज्यांनी गिरणी कामगारांच्या खानावळी चालवल्या, दोन-दोन डझन माणसांचे डबे केले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाची बँकेच्या दारी दखल घेतली गेली. पोळीमागे किती कष्ट असतात ते लालबागच्या बाईला निराळं सांगायला नको.

आता हंगामाचं. हंगाम सोडून म्हणजे नेमकं केव्हा? पाऊस धरू नका. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी नाही, गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी लाँचही पावसात बंद असतात, आणि घाटरस्त्यांचा भरवसा नाही. १९४७ च्या जुलैत ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेवर माणसं गेली. गिरगाव-लालबागच्या जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून आहे. पावसाळी समुद्राशी खेळ नको हेच खरं.

उत्तम काळ दोन. पहिला पितृपक्षाचा पंधरवडा. गणपती करून चाकरमानी परतलेले, नवरात्र यायचं असतं, डोंगर हिरवेगार असतात. पितरांच्या दिवसांत प्रवास नको असं घरात कोणी म्हणालं तर ज्याचं त्यानं ठरवावं; मी म्हणेन, श्राद्धाची तिथी सांभाळा आणि उरलेल्या दिवसांत निघा. पाऊस मात्र एखादी सर टाकून जाईल. दुसरा काळ संक्रांतीपासून शिमग्यापर्यंतचा, आणि हाच माझा लाडका. हवा कोरडी, रात्री चादर लागेल एवढीच थंडी, आंब्याला मोहोर, आणि अलिबागकडे पोपटी! वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून शेकतात ती. मे महिन्यात जाणाऱ्यांना ती कधी चाखायला मिळत नाही. कॅलेंडर घेऊन बसा आणि तीन गोष्टी टाळा. शनिवार-रविवार व सव्वीस जानेवारीची जोडून सुट्टी, गणपतीपुळ्याला माघी गणेशजयंती आणि अंगारकी, हरिहरेश्वर-कुणकेश्वरला महाशिवरात्र. या दिवसांत देवदर्शन हवं असेल तर गोष्ट वेगळी. मग गाडी दोन मैल अलीकडे ठेवून चालायची तयारी ठेवा.

शाळेची मुलं घरात असतील तर मंगळवार-बुधवारचा हा प्रवास जमणार नाही, हे मलाही कळतं. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत किंवा शाळा संपवून बसली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. सासूबाई घरी असतील तर नणंदेला चार दिवस बोलवा. ती येईल, तिलाही आईजवळ राहायचं असतं. किंवा सासूबाईंनाच घेऊन चला. गाडीतली खालची, खिडकीजवळची जागा त्यांची. मात्र चढायच्या पायरीची उंची आधी पाहून घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती पायरीच रडवते.

आता वाट. आपल्या भागातून सगळ्यांत सुखाची सुरुवात म्हणजे भाऊचा धक्का. लालबागहून रे रोडमार्गे ही एवढी जवळ! २०२० च्या मार्चपासून तिथून मांडव्याला मोठी रो-रो बोट सुटते, तिच्यात गाडीसकट चढायचं. तासाभरात पलीकडे. पनवेल-वडखळचा सगळा धुरळा चुकतो. गाडीची लांबी-उंची सांगून तिकीट आधीच काढावं, ऐन वेळी जागा नाही म्हणाले तर पंचाईत. मांडव्याहून अलिबाग, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड असा पहिला टप्पा. तो एका दिवसात रेटू नका.

पुढचा सागरी रस्ता रेवसपासून पार सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत काढलेला, पण मध्ये खाड्या आडव्या येतात आणि सगळ्यांवर पूल नाहीत. आणि तेच बरं आहे! कारण त्या खाड्या गाड्यांच्या फेरीबोटीनं ओलांडायच्या. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दाभोळची बोट २००३ साली सुरू झाली, त्याआधी दाभोळहून गुहागरला गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा पडायचा. बोटीवर गाडीतून उतरून कठड्याला उभं राहायचं. ती दहा-पंधरा मिनिटं, खारा वारा, पदर सांभाळायची धांदल आणि पाण्यात स्वतःशीच डुलणारी होडी. सबंध प्रवासात मैत्रिणीला सगळ्यांत काय आवडलं असेल, तर या बोटी.

दिघीच्या पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. वेश्वीच्या बाजूला उतरलात की वेळास; फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं किनाऱ्यावर कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे धावतात, गावातली घरं पाहुण्यांना जेवू-राहू घालतात. सुट्टीच्या दिवशी तिथं झुंबड उडते, मधल्या वारी जा. मग केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला जा, पण नवी चप्पल घालून जाऊ नका. शेजारचं मुरूड म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांचं गाव. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. आपल्यातल्या कितीजणी त्यांच्या विद्यापीठातून शिकल्या! माडांच्या त्या शांत वाडीतून चालताना हे आठवलं की पाऊल जरा थबकतं. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, मग जयगडवरून मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, आणि गणपतीपुळे. पहिल्या खेपेला इथवर पुरे. आठ दिवस लागतात. मालवण-वेंगुर्ला पुढल्या वर्षासाठी ठेवा.

मोठी थोरली गाडी मात्र घेऊ नका. या गावांतले रस्ते जांभ्याच्या दोन गडग्यांमधून जातात, वर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा लोंबतात. आकारानं टेम्पो ट्रॅव्हलरएवढी असेल ती ठीक. आणि गाडी ताब्यात घेताना फ्रीज, पंखा, पाण्याचा पंप, संडासची टाकी, सगळं तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. आमच्या मैत्रिणीच्या गाडीतला फ्रीज दुसऱ्या दिवशीच बंद पडला आणि मालक फोनवर नुसतं “बघतो, बघतो” म्हणत राहिला.

रात्री गाडी कुठे लावायची? वाळूत नाही! ओली वाळू टणक वाटते, भरती आली की चाकं रुततात, आणि पुष्कळ किनाऱ्यांवर गाडी उतरवायला मनाईही आहे. जिथं जेवता त्याच घरी विचारा, अंगणात जागा असते. एमटीडीसीची विश्रामस्थानं, देवस्थानांची भक्तनिवासं इथंही विचारून लावू देतात. आणि हो, माडाखाली गाडी लावू नका. वरून नारळ आला की काच गेलीच!

भरतीची वेळ काढायला कोणाला विचारायला नको. आजोबांनी शिकवलेली पाऊणकी आठवते ना? तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमाराला भरलेली. अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बाराला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. त्यासाठी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची सकाळ गाठा, त्या दिवसांत पाणी खूप आत हटतं. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला ते तितकं हटत नाही. हिशेब ढोबळ आहे, तेव्हा जाण्यापूर्वी तिथल्या कोळ्याला विचारा आणि पाणी चढायच्या आत परत फिरा.

एक नाजूक विषय, पण बायकांना तोच मोठा. प्रवासात आपण पाणी पीत नाही, का ते सर्वांना ठाऊक आहे. गाडीत संडास असणं हे या प्रवासाचं सगळ्यांत मोठं सुख. मनसोक्त पाणी प्या. मात्र त्याची टाकी वीसेक लिटरचीच असते. सरकारी धोरणातल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये ती रिकामी करण्याची सोय अपेक्षित आहे, पण वाटेवर सगळीकडे ती सापडेल असं धरून निघू नका. रात्री आणि अडीअडचणीला गाडीतला वापरा, बाकी मुक्कामाच्या घरचा. आणि टाकी खाडीत, विहिरीजवळ किंवा केतकीच्या बनात ओतायची नाही. ड्रायव्हर “चालतं हो” म्हणाला तरी नाही!

एवढं भाडं झेपणार नसेल तर हिरमुसू नका. घरच्या मोटारीत दोन गाद्या-उशा टाकून आणि रात्री घरगुती खोलीत उतरून हाच रस्ता निम्म्याहून कमी खर्चात होतो. आणि परळच्या डेपोतून लाल एसटी आहेच; मार्च २०२३ पासून बायकांना तिच्यात अर्धं तिकीट आहे. गाडीतलं घर नसेल, पण ओटाही नसेल.

निघण्यापूर्वी परतीच्या रात्रीच्या जेवणाचं ठरवून ठेवा. आठ दिवसांनी दमूनभागून दार उघडावं आणि पहिली हाक “भात टाकतेस ना?” अशी यावी, हे नको. शेजारच्या काकूंना पिठलं-भात सांगून ठेवा, त्यांच्यासाठी अलिबागेहून पांढऱ्या कांद्याची एक माळ आणा. फेब्रुवारीत निघालात तर नवा कांदा वाटेवर बायका विकायला बसलेल्याच असतात. आणि मांडव्याहून सुटणारी शेवटची रो-रो किती वाजता, ते जातानाच विचारून ठेवा.